छाट

दोन मिनिटं दहा सेकंद.
एवढ्यात नरसव्वाचं दुःख बसवायचंय,
गड्डमशेठ म्हणाले, चहा बशीत ओतता ओतता,
"आणि रडलेलं दिसलं पाहिजे.
ट्रेलर लोक मोबाईलवर बघतात."

अशोक चौकामागची खोली. वर पत्रा.
खाली चार यंत्रमाग, सकाळी सातपासून
माझा माऊस त्यांच्या ठेक्यात सरकतो.
एप्रिल आहे. हार्डडिस्कखाली बर्फाची पिशवी,
पिशवीखाली टॉवेल,
टॉवेल अर्थात इथलाच.

पहिला शॉट वरून.
ड्रोन चढत जातो, विडी घरकुलाच्या एकसारख्या गच्च्या,
काळ्या टाक्या, वाळत टाकलेल्या साड्या,
आणि मधून एक ठिपका चाललाय
कारखान्याकडे, कडेला सूप धरून.
त्या उंचीवरून कुणाचंच काही दुखत नाही.
तरी ठेवला. ड्रोनचं भाडं देऊन झालं होतं.

मग खालून. कॅमेरा फरशीला टेकवलेला,
मुनीम आढ्यापर्यंत पोचलाय,
डोक्यामागे पंखा मुकुटासारखा फिरतोय.
कट्टा चाचपतो, चार विड्या बाजूला सारतो,
वर न बघता म्हणतो, "छाट."
हा माणूस खरोखरच मुनीम आहे.
आपण एवढे मोठे दिसतो हे बघून
त्यानं सगळ्यांना उसाचा रस पाजला.

आणि मग नरसव्वाचा चेहरा.
अकरा टेक.
पोरगा निघून गेलाय, परत येणार नाही, असा सीन.
दिग्दर्शक म्हणतो, आठवा काहीतरी, तुमचं स्वतःचं.
ती आठवते. चेहरा तसाच.
"रडत बसल्यावर हजार कोण पुरं करतंय, बाबा?"
ग्लिसरीन घातलं.
चाळीस वर्षं तंबाखूत उघडे राहिलेले डोळे,
त्यांना त्याचं काय.
पडदाभर कपाळावरचं गोंदण, गालावरचे देवीचे व्रण.
जितकं जवळ जावं
तितकी ती आतून कडी लावून घेते.

रात्री दीडला मी टाकून दिलेलं चाळत होते.
अकराव्या टेकनंतर कट म्हटलेलं,
इरेश कॅमेरा बंद करायला विसरलेला.
फ्रेम वाकडी. अर्धी दारानं खाल्लेली.
उरलेल्या अर्ध्यात ती, कमरेपर्यंत,
मागे कोणीतरी विचारतंय, भजी संपली का.
तिनं सूप ओढलं. खऱ्या विड्या,
आमच्या नादात राहून गेलेल्या.
मोजायला लागली, तिच्या भाषेत,
ओकटी, रेंडू, मूडू,
बोटं आपोआप, पदिहेडू, पद्देनिमिदी

थांबली.

बोट विडीवरच.
दाराकडे बघत नाही. कशाकडेच बघत नाही.
नऊ सेकंद.
मग हातातल्या सगळ्या परत सुपात सोडल्या
आणि पुन्हा,
ओकटी.

पंचविसाचा कट्टा. अठराला चुकली.

मी संगीत काढलं. व्हायोलिन, बासरी, सगळं.
भजी ठेवली.
गड्डमशेठ म्हणाले, "फोकस नाही, उजेड नाही,
नऊ सेकंद काहीच होत नाही."
हो, म्हटलं.
"मग?"
मग काही नाही.
त्यांनी बशी खाली ठेवली, म्हणाले, परत लाव.

नरसव्वाला दाखवायला गेले.
ओट्यावर पाला भिजत घातलेला, मांडीवर कात्री.
वरच्या शॉटमध्ये तिनं आपलं घर शोधलं,
सापडेना, शेजारणीचं सापडलं.
मुनीमाला हसली, तोंडाला पदर लावून.
मग ते आलं.
कात्री पानात अर्धवट थांबली.
फोन तिनं माझ्या हातातून घेतला,
डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत जवळ.

"इथं मोजायचं चुकलंय की गं माझं," म्हणाली.
"लोकांना दिसतंय. एवढं तेवढं काप."

बघते, म्हणाले मी,
मुनीम बोलतो तसं,
वर न बघता.